तालुक्याचं गाव नेमकं कोणाचं? बूथनिहाय आकडे वाचण्याची रीत

प्रश्न असा आहे: "आमचं गाव तालुक्याचं ठिकाण, वस्ती वीस हजारांच्या आसपास, नगरपंचायत आहे. लोकसभेला गावातून एका पक्षाला लीड, विधानसभेला दुसऱ्याला, आणि नगरपंचायतीत भलतीच आघाडी निवडून येते. गावाचा कल नेमका कुठे आहे आणि तो आकड्यांवरून कसा काढायचा?"

तुम्ही ज्याला गोंधळ म्हणताय तो बहुतेक वेळा गोंधळ नसतोच. तोच मतदार तीन निवडणुकांत तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतो. लोकसभेला दिल्ली, शेतमालाचा भाव, धर्म-जात आणि मोठा नेता. विधानसभेला तालुक्यातले दोन गट. नगरपंचायतीला आपली गल्ली, आपली भावकी आणि नळाचं पाणी. यातलं एक उत्तर खरं आणि बाकीची फसवी असं नसतं. त्यामुळे "गाव अमक्या पक्षाचं" हे वाक्य कट्ट्यावर ठीक आहे, वहीत लिहू नका.

सांगली जिल्ह्यातला तासगाव-कवठेमहांकाळ मतदारसंघ घ्या. तिथे वर्षानुवर्षं लढत आहे ती गटांची, चिन्हं येतात आणि जातात. अजितराव घोरपडे २०१४ ची विधानसभा भाजपकडून लढले, समोर राष्ट्रवादीचे आर. आर. पाटील. २०१९ ला तेच घोरपडे शिवसेनेकडून उभे राहिले, समोर सुमन पाटील. संजयकाका पाटील २०१४ आणि २०१९ ला भाजपचे खासदार झाले. २०२४ ची लोकसभा ते भाजपकडूनच लढले आणि अपक्ष विशाल पाटील यांच्याकडून हरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला ते अजित पवारांच्या राष्ट्रवादीच्या घड्याळावर उभे होते, समोर शरद पवार गटाचे रोहित पाटील, आणि निवडून आले रोहित पाटील. आता कोणी 'भाजप', 'शिवसेना', 'राष्ट्रवादी' असे रकाने पाडून २०१४ ते २०२४ ची तुलना करू लागला, तर त्याला मतं इकडून तिकडे उड्या मारताना दिसतील. 'आबांचा गट' (आर. आर. पाटील, त्यांच्या पत्नी सुमन आणि मुलगा रोहित), 'काकांचा गट' (संजयकाका), 'सरकारांचा गट' (घोरपडे) असे रकाने पाडले की चित्र बरंच स्थिर होतं.

म्हणून पहिला नियम: तक्त्यात पक्षाच्या रकान्याशेजारी 'गट' नावाचा रकाना हवाच. जून २०२२ ला शिवसेना आणि जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटल्यावर तर त्याला पर्यायच उरला नाही. २०१९ च्या 'शिवसेना' या आकड्यासमोर २०२४ ला धनुष्यबाण लिहायचा की मशाल, हे पक्षाच्या नावावरून ठरत नाही. तुमच्या तालुक्यातला शाखाप्रमुख, सोसायटीचा चेअरमन आणि नगरसेवक कोणाबरोबर गेले, यावरून ठरतं. आणि एकाच गावात ते वेगवेगळीकडे गेलेले असू शकतात.

आता कागदपत्रांकडे येऊ.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे नमुना २०, अंतिम निकालपत्रक. यात मतदान केंद्रनिहाय प्रत्येक उमेदवाराची मतं, एकूण वैध मतं, नोटा आणि प्रदत्त मतं (आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलेल्या मतदाराची वेगळी घेतलेली मतं) असतात. तळाशी यंत्रांवरची बेरीज, टपाली मतं आणि एकूण बेरीज असते. लोकसभेचा नमुना २० सुद्धा विधानसभा मतदारसंघनिहाय तयार होतो, त्यामुळे तुमच्या गावाचे बूथ दोन्हींत सापडतात. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ही पत्रकं असतात. बरीचशी स्कॅन केलेली, काही आडवी, काहींत उमेदवारांची नावं इतकी बारीक की वाचता येत नाहीत. आकडे हाताने उतरवावे लागतात. उतरवल्यावर आडवी बेरीज छापील एकूणाशी आणि उभी बेरीज तळाच्या बेरजेशी जुळवा. दोन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. ३ चा ८ आणि १ चा ७ झाला की एका बूथचा 'कल' पालटलेला दिसतो.

उमेदवारांचा क्रम दर निवडणुकीत बदलतो, हेही विसरू नका. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्ष, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. गेल्या वेळचा तिसरा रकाना या वेळी पहिला असू शकतो.

एखाद्या बूथसमोर शून्य किंवा रिकामी जागा दिसली तर लगेच बहिष्काराची बातमी करू नका. सकाळच्या अभिरूप मतदानाची (यंत्र तपासायला घेतलेल्या सराव मतदानाची) मतं यंत्रातून पुसायची राहिली, किंवा यंत्रातली एकूण मतं नमुना १७-क शी, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाशी, जुळली नाहीत, तर ते यंत्र बाजूला ठेवतात आणि विजयाचं अंतर त्या केंद्रावरच्या मतांपेक्षा मोठं असेल तर ते मोजलंच जात नाही. तिथे मतदान झालेलं असतं, फक्त निकालपत्रकात ते दिसत नाही.

दुसरा कागद नमुना १७-क. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष तो भरतो आणि प्रत पोलिंग एजंटांना देतो. किती मतं पडली याचा खात्रीचा आकडा हाच. दर दोन तासांनी जाहीर होणारी टक्केवारी अंदाजी असते. शिवाय मतदानाची वेळ संपताना रांगेत असलेल्यांना शेवटाकडून चिठ्ठ्या वाटून मतदान करू दिलं जातं, त्यामुळे शेवटच्या तासाचा आकडा नंतर वाढतो. संध्याकाळी पाचच्या टक्केवारीवर गल्लीचं विश्लेषण उभं करणं म्हणजे निम्म्या पंगतीवरून भाताचा अंदाज बांधणं.

तिसरा कागद मतदार यादी. प्रत्येक यादीभागाच्या पहिल्या पानावर त्या भागात कोणकोणते विभाग येतात, म्हणजे कोणती पेठ, कोणती गल्ली, कोणती वस्ती, ते लिहिलेलं असतं. हे पान म्हणजे तुमचा नकाशा. 'भाग क्रमांक १८७' म्हणून काही कळत नाही. 'बाजारपेठ, सराफ गल्ली, जुना वाडा' म्हटलं की कळतं.

इथेच सर्वांत मोठी चूक होते. मतदान केंद्रांचे क्रमांक दर निवडणुकीला तेच राहत नाहीत. मोठ्या निवडणुकीआधी केंद्रांचं सुसूत्रीकरण होतं. मतदार वाढले की केंद्र फुटतं, किंवा त्याला 'अ' लावून सहायक केंद्र दिलं जातं, आणि पुढच्या निवडणुकीत त्या 'अ' ला स्वतंत्र क्रमांक मिळून खालचे सगळे क्रमांक एकाने सरकतात. २०१९ चा १८७ आणि २०२४ चा १८७ यांची सरळ तुलना केली तर कदाचित तुम्ही कोष्टी गल्लीची तुलना शिक्षक कॉलनीशी करत असता. उपाय कंटाळवाणा आहे, पण एकच आहे: दोन्ही वर्षांच्या याद्यांची पहिली पानं शेजारी ठेवा, विभागांची नावं जुळवा आणि दोन्ही वर्षांत सारखे राहतील असे मोठे तुकडे करा. तीन बूथ मिळून एक 'पेठ', दोन मिळून एक 'स्टँडमागचा भाग', असं. वीस हजारांच्या गावात साधारण चौदा-पंधरा बूथ निघतात, त्यांचे पाच-सहा तुकडे पुरे. २००९ च्या आधीची तुलना तर करूच नका. त्या वर्षीपासून मतदारसंघांची नवी पुनर्रचना लागू झाली आणि अनेक तालुके दोन-तीन मतदारसंघांत विभागले गेले.

तुकडे झाले की टक्केवारी. इथे बहुतेक जण पडलेल्या मतांची टक्केवारी काढून थांबतात आणि फसतात. एक काल्पनिक बूथ घेऊ, १,००० मतदारांचा. लोकसभेला मतदान ५८०: 'क' ला ३३०, 'ख' ला २२०, बाकी ३०. विधानसभेला मतदान ७००: 'क' ला ३२५, 'ख' ला ३४५, बाकी ३०. पडलेल्या मतांत 'क' ५६.९ टक्क्यांवरून ४६.४ वर आला. लोक म्हणणार, 'क' चा पाया ढासळला. आता तेच एकूण मतदारांच्या प्रमाणात मोजा. 'क' ३३ टक्क्यांवरून ३२.५ वर, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी. 'ख' २२ वरून ३४.५ वर. 'ख' ने आपली माणसं केंद्रापर्यंत आणली, एवढंच आकडे म्हणतात. 'क' ची माणसं फुटली की नवी माणसं आली, या दोन निदानांवरचे इलाजही वेगळे असतात. म्हणून दोन्ही टक्केवाऱ्या शेजारी-शेजारी लिहा.

अर्थात यालाही मर्यादा आहे. ३३० चे ३२५ झाले म्हणजे तीच ३२५ माणसं राहिली असं नाही. शंभर गेली आणि पंचाण्णव नवी आली, तरी आकडा तोच दिसतो. बूथचा आकडा निव्वळ फरक सांगतो, माणसांची ये-जा सांगत नाही.

२०२४ हे वर्ष या रीतीसाठी नमुनेदार आहे, कारण दोन निवडणुकांत सहा महिन्यांचंच अंतर होतं. लोकसभेला महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला आणि एक अपक्षाला. दोन्ही आघाड्यांच्या एकूण मतांत मात्र फारसा फरक नव्हता. २० नोव्हेंबरच्या विधानसभेला मतदान ६१ टक्क्यांच्या आसपासवरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि एकट्या भाजपला १३२ जागा मिळाल्या. मधल्या काळात जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये सुरू झाले होते. कांद्याच्या पट्ट्यात डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीचा राग लोकसभेला ताजा होता. तुमच्या गावात यातलं काय चाललं, हे राज्याच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. तुमच्या सहा तुकड्यांत वाढलेलं मतदान कुठे वाढलं, त्यात बायकांचं किती आणि तिथे कोणाची मतं फुगली, हे पाहावं लागतं. मतदानाच्या आकड्यांत स्त्री-पुरुष वेगळे मिळतात, पण नमुना २० मध्ये उमेदवारनिहाय ते नसतात. "बायकांनी अमक्याला मतं दिली" असं छातीठोक सांगणाऱ्याकडे त्याचा कागदोपत्री पुरावा नसतो. फार तर "जिथे बायकांचं मतदान जास्त वाढलं तिथे अमक्याची मतं जास्त वाढली" इतकंच म्हणता येतं.

चिन्हाच्या घोळासाठी एक वेगळा रकाना ठेवा. २०२४ च्या लोकसभेला शरद पवार गटाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' होतं आणि अनेक मतदारसंघांत अपक्षांना नुसती 'तुतारी' मिळाली. साताऱ्यात त्या गटाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि तुतारीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. दिंडोरीत तुतारीवाल्या अपक्षाने एक लाखाच्या वर मतं घेतली, तरी त्याच गटाचे भास्कर भगरे निवडून आले. अपक्षाची सगळी मतं चुकून पडलेली होती असं कोणी सिद्ध करू शकत नाही. पण एरवी ज्याचं नावही कोणी ऐकलेलं नाही असा अपक्ष सगळ्याच बूथवर सारख्या प्रमाणात मतं घेत असेल, तर ती त्याची स्वतःची मतं नाहीत असं समजायला हरकत नसते. स्वतःची मतं असलेला अपक्ष दोन-चार बूथवर भरभरून घेतो आणि बाकीकडे एक आकडी राहतो. नामसाधर्म्याचे डमी उमेदवारही याच फुटपट्टीने ओळखू येतात.

तालुक्याच्या ठिकाणची आणखी एक गंमत: इथे नोकरदार जास्त. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस. निवडणुकीच्या दिवशी यांतले बरेच ड्यूटीवर असतात आणि टपाली मतं देतात. ती मतं बूथवर मोडून येत नाहीत, तळाशी एका ओळीत येतात. काही जण निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्रावर जिथे ड्यूटी तिथेच मतदान करतात, म्हणजे त्यांचं मत कुठल्यातरी वाडीच्या बूथवर नोंदलं जातं. त्यामुळे शिक्षक कॉलनीच्या बूथवर मतदान कमी दिसलं की "सुशिक्षितांची उदासीनता" असा अग्रलेख लिहिण्याआधी टपाली मतांची ओळ वाचा. कर्मचाऱ्यांचा रोख बघायला ती ओळ उपयोगी आहे, मात्र २०२४ पासून त्यात ८५ वर्षांवरच्या आणि दिव्यांग मतदारांची घरून घेतलेली मतंही मिसळलेली आहेत.

आता नगरपंचायत. आकड्यांचा आकार इथे इतका बदलतो की राजकारणाची जातच बदलते.

नगरपंचायतीत १७ प्रभाग, प्रत्येकी एक सदस्य. वीस हजारांच्या गावात साधारण साडेचौदा हजार मतदार धरले, तर प्रभागाला सरासरी साडेआठशे. मतदान ७८ टक्के धरा: ६६० च्या आसपास. चार उमेदवार असले तर २६०-२७० मतांत माणूस नगरसेवक होतो. एका मोठ्या भावकीत साठ-सत्तर मतं सहज असतात. म्हणजे चार भावक्या, एक तालीम मंडळ आणि एक बचतगटाची ताई जमली की जागा झाली. या हिशेबात पक्षाला किती जागा उरते ते तुम्हीच बघा. म्हणूनच नगरपंचायतीला 'शहर विकास आघाडी' नावाची पॅनेलं निघतात, ज्यात लोकसभेला एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले एका फलकावर दिसतात. जानेवारी २०२२ च्या निकालात कवठेमहांकाळला रोहित पाटलांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रवादीने १७ पैकी १० जागा घेतल्या. समोर होतं ते एका पक्षाचं पॅनेल नव्हतं, अनेक गटांनी मिळून बांधलेलं शेतकरी विकास पॅनेल होतं.

त्या २०२१-२२ च्या नगरपंचायत निवडणुकांचे आकडे वापरत असाल तर एक खाच लक्षात ठेवा. ओबीसी आरक्षणाच्या निर्णयामुळे ओबीसींसाठी राखीव असलेल्या जागा सर्वसाधारण करून त्यांचं मतदान वेगळं, १८ जानेवारी २०२२ ला झालं. बाकीचं मतदान २१ डिसेंबर २०२१ ला झालं होतं. मतमोजणी मात्र एकत्र, १९ जानेवारीला. एकाच गावातले दोन प्रभाग चार आठवड्यांच्या अंतराने मतदान करत होते, आणि दुसऱ्या फेरीत गटांना आपली सगळी माणसं, गाड्या आणि पैसा चार-पाच प्रभागांवर लावायला मिळाला. त्या प्रभागांतलं मतदान आणि चुरस बाकीच्यांशी तशीच ताडून पाहू नका.

नगराध्यक्ष थेट जनतेतून की नगरसेवकांतून, हा नियम सरकार बदलेल तसा बदलत आलाय. २०१६ ला थेट, २०२० ला रद्द, २०२२ ला पुन्हा थेट. त्यामुळे २०२१-२२ च्या नगरपंचायतींत नगराध्यक्षाचा वेगळा आकडा नाही, २ डिसेंबर २०२५ च्या मतदानात आहे (काही ठिकाणी मतदान २० डिसेंबरला झालं, मोजणी सगळीकडे २१ ला). थेट निवड असली की अभ्यासकाला लॉटरीच लागते. एकाच दिवशी, त्याच मतदाराने, दोन पातळ्यांवर दिलेली मतं तुमच्यासमोर येतात. प्रत्येक प्रभागात नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराची मतं आणि त्याच्याच पॅनेलच्या सदस्याची मतं शेजारी मांडा. नगराध्यक्षाला ३८० आणि सदस्याला २५० असेल तर वरची १३० मतं माणसाची, पॅनेलची नाहीत. उलट असेल तर त्या प्रभागात 'वर एक, खाली एक' चा निरोप फिरला होता. गावात असल्या तडजोडीची चर्चा महिनाभर चालते. तक्ता ती दहा मिनिटांत दाखवतो, फक्त कोणी केली ते सांगत नाही.

नगरपरिषद असेल, म्हणजे वस्ती पंचवीस हजारांच्या वर, तर प्रभाग दोन सदस्यांचा असतो, जागा 'अ' आणि 'ब'. इथे क्रॉस व्होटिंग मोजण्याची सोपी रीत आहे. समजा 'अ' जागेवर क ला ६१०, ख ला ५४०, आणि 'ब' जागेवर क ला ४३०, ख ला ७२०. दोन्हीकडे बेरीज ११५०. म्हणजे किमान १८० मतदारांनी 'अ' ला क आणि 'ब' ला ख असं दिलं. 'किमान' हा शब्द महत्त्वाचा, कारण उलट दिशेने गेलेली मतं एकमेकांना खाऊन टाकतात आणि दिसत नाहीत. असा फरक दिसला की पहिल्यांदा आरक्षण तपासा. 'अ' जागा बहुधा राखीव असते. राखीव जागेवर गटाने ऐनवेळी शोधून आणलेला उमेदवार आणि खुल्या जागेवर गटाचा मुरलेला माणूस, असं असेल तर फरकाचं कारण सरळ आहे. दोन्ही उमेदवार तोलामोलाचे असूनही फरक पडला असेल, तर कोणीतरी कोणालातरी 'कट' मारलाय.

याद्यांचा घोळ इथे सर्वांत जास्त. राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी करत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागांत तोडतो. तोडताना गल्लीच्या दोन बाजू दोन प्रभागांत जाणं, एका घरातली चार नावं दोन प्रभागांत पडणं, शेजारच्या वाडीची नावं गावात येणं, हे सगळं होतं. प्रारूप यादीवर हरकतीची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि सावध कार्यकर्ते निवडणूक तिथेच निम्मी लढतात. साडेआठशेच्या प्रभागात चाळीस नावं इकडची तिकडे झाली, तर तेवढ्यात निकाल फिरतो. २०२५ ला संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारांकित खुणा केल्या होत्या. तुमच्या यादीत त्या दिसत असतील तर मोजून ठेवा, कारण मतदारसंख्या फुगलेली असली की टक्केवारी कमी दिसते.

बाहेरगावचे मतदार हा तसाच मुद्दा. पुण्या-मुंबईत, भोसरीत, नवी मुंबईत राहणारे पण नाव गावातच असलेले. लोकसभेला यांतले थोडेच येतात. नगरपंचायतीला उमेदवार गाड्या पाठवतो. लोकसभेला ५५ टक्के आणि नगरपंचायतीला ८० टक्के मतदान होणाऱ्या प्रभागात मधले पंचवीस टक्के बहुतेक हेच असतात. त्यांचा गावच्या पाण्याशी संबंध नसतो, भावकीशी असतो. ऊसतोडीच्या पट्ट्यात, म्हणजे बीड आणि आसपास, याची दुसरी बाजू दिसते. एप्रिल-मेच्या लोकसभेला ऊसतोड मजुरांच्या टोळ्या परतलेल्या असतात, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या विधानसभेला गाळप हंगामाच्या तोंडावर कोयते, म्हणजे तोडणीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघण्याच्या तयारीत. त्या वस्त्यांचं मतदान खाली आलं तर आधी कारखान्यांचं पत्रक बघा, मग राजकारण.

जातीबद्दल विचाराल हे माहीत आहे. मतदानात जात असते, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण यादीतल्या आडनावांवरून जात मोजण्याची जी पद्धत वॉर रूममध्ये चालते ती कच्ची आहे. पवार, जाधव, शिंदे, मोरे, गायकवाड ही आडनावं एकाहून अधिक जातींत आहेत, आणि तालुक्यागणिक त्यांचं प्रमाण बदलतं. आडनाव मोजून केलेल्या तक्त्यात मोठ्या समाजाचा आकडा फुगतो आणि लहान समाज नाहीसे होतात. त्याहून मोठी चूक म्हणजे अख्ख्या समाजाचं मत एकगठ्ठा धरणं. गावात एका समाजाचे दोन गट असतात, बहुधा दोन भावक्यांचे, आणि एक जिकडे जाईल त्याच्या उलट दुसरा जातो. एकगठ्ठा मतदान खरंच झालंय का हे तपासायचं तर बूथवरची पहिल्या-दुसऱ्याची मतं सलग तीन निवडणुकांत बघा. तिन्हीत ७० टक्क्यांच्या वर मतं एकाच बाजूला असतील तर 'गठ्ठा' म्हणा. एकदाच असेल तर ती त्या वेळची हवा.

पैशाबद्दलही थोडक्यात. मतदानाआधीच्या रात्रीचं 'लक्ष्मीदर्शन' सगळ्यांना माहीत असतं आणि हरलेला प्रत्येक जण त्यालाच कारण धरतो. दोन्ही बाजूंनी वाटप झालेलं असेल तर मतदाराचा हात मोकळाच राहतो. वाटपाने प्रामुख्याने मतदानाला येणं वाढतं, निष्ठा क्वचित बदलते. तक्त्यात पैसा शोधू नका, तो तिथे दिसत नाही.

एक गोष्ट मात्र तक्त्यामुळेच घडते. मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळता येत. यंत्र आल्यापासून प्रत्येक बूथचा आकडा उघडा झाला. साडेआठशेच्या प्रभागात एकच यंत्र, म्हणजे कोणत्या आळीने काय केलं ते निवडून आलेल्याला दुपारपर्यंत कळतं. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणाऱ्या टोटलायझरची शिफारस विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात केली होती. ती अमलात आली नाही. म्हणून लहान वस्त्या मोठ्या गटाच्या विरोधात उघडपणे जाताना कचरतात, आणि तिथल्या मतांत भीती किती अन् मर्जी किती हे वेगळं करणं अवघड होतं. तुमची वही कोणाच्या हातात जाणार आहे याचाही विचार ह्याच कारणाने करा.

शेवटी दोन निवडणुका, ज्या तुमच्या तक्त्यात नसतील पण डोळ्यांसमोर हव्यात. नगरपंचायतीचा मतदार जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला मतदान करत नाही, त्यामुळे गाव आणि भोवतालच्या वाड्या यांची तुलना तिथे होत नाही. आणि बाजार समिती: १८ संचालकांपैकी ११ सोसायट्यांतून, ४ ग्रामपंचायतींतून, २ व्यापारी-अडत्यांतून, १ हमाल-मापाड्यांतून. गावातल्या सामान्य माणसाला तिथे मत नसतं, पण विधानसभेला कोणता गट कोणाच्या मागे उभा राहणार हे बहुधा तिथल्या पॅनेलमध्ये आधीच दिसतं. यार्डातल्या व्यापारी मतदारसंघाचा निकाल आणि बाजारपेठेच्या बूथचा पुढच्या विधानसभेचा निकाल एकदा शेजारी ठेवून बघा. जुळला तर तुमच्या गावात पेठ गटाबरोबर चालते. नाही जुळला तर पेठेचा आणि गटाचा हिशेब वेगळा आहे, आणि नगरपंचायतीला निवडून येणारी ती 'भलतीच आघाडी' बहुतेक तिथूनच उभी राहते.